उजनीचा तळ कोणी पाहिला?

करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी ही गावे उजनी धरणाच्या फुगवट्याच्या दोन काठांवर आहेत. जमिनीवरून जावयाचे तर मोठा वळसा पडतो, पाण्यावरून अंतर थोडे. म्हणून माणसे वर्षानुवर्षे होडीने जात-येत आली. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी अशीच एक होडी सात जणांना घेऊन कुगावहून कळाशीकडे निघाली. वादळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि होडी उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, परिसरातील मच्छीमार धावले. दुसऱ्या दिवशी होडी सुमारे पस्तीस फूट खोलीवर, तळाशी सापडली. माणसे मात्र त्या दिवशीही सापडली नाहीत. मृतदेह हाती लागू लागले ते तिसऱ्या दिवशी, २३ मे रोजी. तोवर नातेवाईक कळाशीच्या काठावर बसून होते.

पस्तीस फूट म्हणजे तीनमजली घराची उंची. जमिनीवर एवढ्या अंतरावरची वस्तू लहान मूलही बोटाने दाखवील. पाण्याखाली तेवढेच अंतर परमुलखासारखे दूर होते. याच्या उलट एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसकडे निघालेले विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ माणसे प्राणांस मुकली. दोन वर्षे अधूनमधून शोध चालला. अखेर एप्रिल २०११ मध्ये, अमेरिकेतील वुड्स होल या सागरसंशोधन संस्थेच्या पथकाने चालविलेल्या 'रेमस ६०००' नावाच्या स्वयंचलित यंत्रांनी त्या विमानाचे अवशेष शोधून काढले. त्या ठिकाणी समुद्राची खोली सुमारे ३,९०० मीटर होती.

आता आपल्या महाडचे स्मरण करावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानीतला पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहने प्रवाहात गेली. नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षक दल आले, हेलिकॉप्टरे फिरली. दोरखंडाला बांधलेले अवजड लोहचुंबकही नदीत सोडून पाहण्यात आले. पहिल्या बसचा सांगाडा सापडला तो ११ ऑगस्ट रोजी, आणि तोही पुलापासून काही शे मीटरांच्या आत, काही मीटर खोलीवर. जवळजवळ चार किलोमीटर खोल समुद्रात जे साधते, ते कोकणातल्या नदीत किंवा इंदापूरच्या जलाशयात का साधत नाही, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडेल. आपण गरीब आहोत, हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे उत्तर पाण्यात आहे. आणि ते समजावून घ्यावयाचे तर ही यंत्रे पाण्याखाली पाहतात कशी आणि वाट शोधतात कशी, हे थोडे पाहिले पाहिजे.

पाण्याखालचा प्रकाश

माणूस किंवा दोर यांच्या आधाराशिवाय स्वतःच्या बुद्धीने पाण्याखाली हिंडणाऱ्या या यंत्राला आपण सोयीसाठी 'यंत्रपाणबुड्या' म्हणू. त्याला डोळे असतात ते कॅमेऱ्याचे. त्या डोळ्यांनी टिपलेल्या चित्रातून 'हा खडक, ही साखळी, हे बोटीचे पाते' असे ओळखण्याचे काम संगणक करतो. या शास्त्राला संगणकीय दृष्टी म्हणतात. रस्त्यावर किंवा कारखान्यात या शास्त्राने गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. पाण्यात शिरताच मात्र त्याची परीक्षा कठीण होते.

पहिली अडचण अशी की, पाणी प्रकाश गिळते, आणि सर्व रंग सारखे गिळत नाही. स्वच्छ समुद्रातसुद्धा तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो आणि निळा सर्वांत खोल पोहोचतो. म्हणून पाण्याखाली काढलेले छायाचित्र निळसर, निस्तेज येते. इस्रायलमधील हैफा विद्यापीठात दर्या अक्कायनाक आणि ताली त्रैबित्झ या संशोधकांनी २०१९ मध्ये एक पद्धत मांडली. चित्रातील प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे कळले, तर मधल्या पाण्याने किती प्रकाश गिळला याचा हिशेब करता येतो आणि चित्रातून जणू पाणी वजा करता येते, असे त्या पद्धतीचे सार आहे. प्रवाळांच्या चित्रांवर तिचा परिणाम थक्क करणारा आहे.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. पाण्यात गाळाचे, शेवाळाचे सूक्ष्म कण तरंगत असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. पावसाळ्यात बोरघाटातून ज्याने रात्री प्रवास केला असेल त्याला हे समजावून सांगावयास नको. धुक्यात गाडीचे दिवे प्रखर केले की समोरचा रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंतच उभी राहते. यंत्रपाणबुड्याचेही तेच होते. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, तिरका लावून अभियंते या भिंतीची जाडी कमी करतात; परंतु वस्तूवरून परतलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचलाच नसेल, तर कोणतेही गणित तो आणून देऊ शकत नाही.

आणि उजनीचे पाणी कसे आहे? पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात त्या पाण्यावर शेवाळाची हिरवी दाट साय धरते. पावसाळ्यात पुराचा तांबूस गाळ उतरतो. तळाशी काळ्या मातीचा चिखल असतो, जो पाय लागताच उसळतो. अशा पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हातही धड दिसत नाही. तो चाचपडत शोधतो. संगणकाला जे शिकवावयाचे ते चित्रांच्या संग्रहांवरून शिकवितात, आणि यातील बरेचसे संग्रह प्रवाळांच्या वा स्वच्छ समुद्राच्या चित्रांचे आहेत. निळ्या पाण्यात शिकलेल्या विद्यार्थ्याला हिरव्या-काळ्या पाण्यात परीक्षेला बसविले, तर तो नापास होणारच. तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

ध्वनीचे डोळे, अंधारातली वाट

जेथे प्रकाश थकतो तेथे ध्वनी कामाला येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर, आणि गढूळपणाचा त्याला प्रकाशाइतका अडथळा होत नाही. ध्वनी सोडावयाचा, प्रतिध्वनी ऐकावयाचा आणि मधल्या वेळावरून अंतर काढावयाचे, हे सोनार यंत्राचे तत्त्व. पस्तीस फूट खोल तळावरून प्रतिध्वनी परत यावयास सेकंदाचा जेमतेम सत्तरावा भाग पुरतो. दोन्ही बाजूंना ध्वनीचे पंखे पसरीत पुढे जाणारे सोनार तळाचे चित्रच उभे करते. तळावर उठून असलेल्या वस्तूमागे ध्वनीची सावली पडते आणि त्या सावलीच्या आकारावरून जाणकार माणूस वस्तू ओळखतो. अटलांटिकमधील विमानाचे अवशेषही प्रथम ध्वनीनेच दाखविले. मग यंत्रांनी जवळ जाऊन छायाचित्रे काढली. दुरून ध्वनी व जवळून प्रकाश, अशी ही कामाची वाटणी आहे.

परंतु ध्वनीचे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. ते भरड असते. त्यात बाभळीचे खोड आणि माणसाचे शरीर यांत फरक करणे फार अवघड जाते. उथळ जलाशयात आणखी एक घोटाळा होतो. ध्वनी तळावरून पृष्ठभागावर आणि पृष्ठभागावरून पुन्हा तळावर आपटत राहतो, आणि एका वस्तूचे अनेक भास होतात. महासागराच्या सपाट, एकाकी तळाशी हा त्रास कमी असतो. खोल समुद्र कठीण आणि तळे सोपे, हा आपला समज या शास्त्राला लागू पडत नाही.

पाहण्याइतकाच अवघड प्रश्न वाट सापडण्याचा आहे. आपल्या खिशातील दूरध्वनी उपग्रहांच्या संदेशांवरून आपले ठिकाण सांगतो. हे संदेश रेडिओलहरींचे असतात आणि पाण्यात शिरताच विरून जातात. त्यामुळे बुडी मारल्याक्षणी यंत्रपाणबुड्या एका अर्थाने आंधळा होतो. खोली त्याला नेमकी कळते, कारण दर दहा मीटरांना सुमारे एक वातावरण याप्रमाणे पाण्याचा दाब वाढतो आणि दाब मोजणे सोपे आहे. पुढे-मागे, उजवीकडे-डावीकडे किती गेलो, हे मात्र त्याला अंदाजाने काढावे लागते. दिशा होकायंत्र आणि जायरोस्कोप सांगतात. वेग मोजण्यासाठी तो तळाकडे ध्वनीचे चार झोत सोडतो आणि परतलेल्या ध्वनीच्या स्वरात पडलेल्या फरकावरून आपली गती ओळखतो. जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा स्वर बदलतो, त्यातलेच हे तत्त्व.

जुने खलाशी वेळ, वेग आणि दिशा यांवरून समुद्रात आपले ठिकाण काढीत, तसाच हा हिशेब आहे, आणि त्यात चूक साठत जाते. वेगाच्या मोजमापात सेकंदाला एका सेंटिमीटरची चूक असली, तर तासाभरात ठिकाण छत्तीस मीटरांनी चुकते. दिशेत एका अंशाची चूक असली, तर एका किलोमीटरमागे सतरा मीटरांनी वाट ढळते. छत्तीस मीटर म्हणजे शोधावयाच्या होडीला शेजारून जाऊन परत यावे, एवढे अंतर.

यावर उपाय एकच, आणि तो माणसालाही लागू आहे: ओळखीची खूण. अंधाऱ्या रात्री शेतातून घरी येणारा शेतकरी विहिरीचा कठडा हाताला लागला की निश्चिंत होतो. मागची सगळी चूक तेथे पुसली जाते. यंत्रपाणबुड्याही तेच करतो. एकदा पाहिलेला खडक त्याला पुन्हा दिसला आणि त्याने तो ओळखला, की तो आपला सारा प्रवास मागे जाऊन दुरुस्त करतो. अपरिचित प्रदेशाचा नकाशा तयार करणे आणि त्याच नकाशावर आपले ठिकाण शोधणे, ही दोन्ही कामे तो एकाच वेळी करतो. यात खूण ओळखणे हे डोळ्यांचे काम आहे. म्हणून पाहणे आणि वाट शोधणे हे दोन प्रश्न नाहीत; तो एकच प्रश्न आहे. ज्या पाण्याखाली खुणा माहीत आहेत, त्या पाण्यात यंत्र निम्मी लढाई जिंकूनच उतरते.

आपल्यापाशी काय आहे

या विषयात आपला देश अगदीच रिकाम्या हाताने उभा नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचा छोटा यंत्रपाणबुड्या तयार केला, त्याला आता दीड तपाहून अधिक काळ लोटला. पवईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांची पथके 'मत्स्य' या नावाची यंत्रे बनवून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरत आली आहेत. चेन्नई आणि कोची येथे तरुण अभियंत्यांनी कंपन्या काढून दोरीला बांधलेली, काठावरून चालविता येणारी यंत्रे तयार केली. धरणांच्या भिंती आणि पुलांचे खांब पाण्याखालून तपासण्यासाठी ती वापरली जातात. पुण्याजवळ खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेली आहे. बारामतीत उसाच्या फडावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग झाला आणि त्याची चर्चा देशभर झाली. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी मुले आहेत. म्हणजे ज्ञान आहे, संस्था आहेत, तरुणही आहेत. नाही ते उजनीच्या पाण्याशी या सर्वांचे नाते.

हे नाते केवळ अपघातांपुरतेच हवे असे नव्हे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, आणि त्यातील जवळजवळ ६४ अब्ज घनफूट मृत साठा, म्हणजे निम्म्याहून अधिक. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून तळाशी गाळ साचत आहे. गाळ मोजण्याची एक पद्धत उपग्रहाची आहे. पाणी चढता-उतरताना त्याचा पसारा वरून मोजला जातो आणि त्यावरून साठा किती घटला हे काढले जाते. ही पद्धत स्वस्त आहे, परंतु जो तळ कधीच उघडा पडत नाही तो उपग्रहाला दिसत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्या वर्षीसुद्धा सुमारे तीस अब्ज घनफूट पाण्याखालचा तळ झाकलेलाच राहिला. सोलापूर शहर ज्या पाण्यावर तहान भागविते आणि इंदापूरपासून पंढरपूरपर्यंतचे ऊस ज्यावर उभे राहतात, ते पाणी नेमके किती आहे, हे जाणून घेण्याचा मार्ग तळापर्यंत उतरण्याचाच आहे. पाण्याच्या वाटपावरून होणारी भांडणे आपल्याला परिचित आहेत. ज्या पिंपाचा तळ पाहिला नाही त्यातील पाणी वाटावयाचे, असा हा व्यवहार आहे.

उन्हाळ्यात उघडणारी शाळा

आणि येथेच इंदापूर तालुक्यापाशी अशी एक गोष्ट आहे जी जगातील फार थोड्या प्रयोगशाळांपाशी असेल. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर धरणाच्या पाण्यात गेले. एरवी ते पाण्याखाली असते. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटले की ते शिखरासकट मोकळे होते आणि माणसे पायी चालत दर्शनाला जातात. २०२४ मध्ये असेच झाले. मंदिराभोवती जुन्या घरांची जोती, पडक्या भिंती आणि कोरीव दगड दिसू लागतात. काही महिन्यांनी भीमेला पूर येतो आणि ते सारे पुन्हा अदृश्य होते.

यंत्राला पाण्याखाली पाहावयास शिकविणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण ही असते की, यंत्राने जे पाहिले ते बरोबर की चूक, हे पडताळून पाहावयास उत्तरपत्रिका नसते. उजनी ती उत्तरपत्रिका देते. कोरड्या उन्हाळ्यात मंदिराचा प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी फीत धरून मोजता येईल, हजारो छायाचित्रे घेता येतील, जोत्यांचा नकाशा काढता येईल. मग त्याच ठिकाणी, पाणी चढल्यावर, यंत्र उतरवावे आणि त्याने काढलेला नकाशा आपल्या नकाशाशी ताडून पाहावा. हिरव्या पाण्यात कॅमेरा किती हातांवर थकतो, सोनारला खांब कोठे दोन दिसतात, वाट किती मीटरांनी चुकते, हे आकड्यांत कळेल. बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यांना यासाठी परदेशी जावयास नको. गढूळ पाण्यासाठी बनविलेले यंत्र मग फक्त उजनीचे राहणार नाही; गंगेपासून कावेरीपर्यंत, आणि आपल्यासारख्याच पाण्याच्या इतर देशांतही ते उपयोगी पडेल. स्वच्छ पाण्याचे देश आपल्या पाण्यासाठी यंत्र बनवितील, ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्यांना त्याची गरज नाही.

या कामात पुस्तकांबाहेरच्या दोन गुरूंकडेही जावे लागेल. एक म्हणजे भिगवण-कुंभारगावापासून कळाशीपर्यंतचे मच्छीमार. जाळे कोठे अडकते, जुनी बाभळीची रांग कोठे उभी आहे, वारा सुटला की पाणी कोठे खवळते, हे त्यांना ठाऊक असते. पाण्यात टाकलेली वा तुटून राहिलेली जाळी हा यंत्रपाणबुड्याचा मोठा शत्रू आहे; त्यांचा पत्ता हेच लोक सांगू शकतात. दुसरे गुरू म्हणजे धरणग्रस्त. आपले गाव सोडून ज्यांनी वरच्या माळावर पुन्हा घरे बांधली, त्यांना चावडी कोठे होती, विहीर कोठे होती, नदीची वाट कोठून उतरत होती, हे आजही डोळे मिटून सांगता येते. विशी-पंचविशीत गाव सोडलेली ती पिढी आज सत्तरीच्या घरात आहे. ज्या खुणांवाचून यंत्र वाट चुकते, त्या खुणा या माणसांच्या स्मरणात आणि भूमिअभिलेखाच्या जुन्या गावनकाशांत आहेत. नकाशे टिकतील, स्मरण टिकणार नाही.

आधी जाकीट, मग यंत्र

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, बुडालेल्या माणसाला कोणतेही यंत्र जिवंत करीत नाही. हे पूर्णपणे खरे आहे. पाण्याखाली माणूस काही मिनिटे तग धरतो. यंत्र गाडीतून उतरेपर्यंत तो वेळ संपलेला असतो. म्हणून या लेखातील कोणतीही सूचना जीवरक्षक जाकिटाच्या आधी येत नाही. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जाकीट असावे, होडीत किती माणसे बसवावीत हे ठरलेले असावे, वाऱ्याचा इशारा काठावर मिळावा आणि तो मिळाल्यावर होडी सोडू नये. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला; तो कागदावरून काठापर्यंत येणे हे पहिले काम आहे. एप्रिल २०१७ च्या अखेरीस याच जलाशयात अजोतीजवळ सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चार जण दगावले होते. त्यानंतर सात वर्षांनी कळाशीची घटना घडली. या दोन तारखांच्या मधल्या काळाचा जाब कोणत्याही यंत्राला विचारता येणार नाही.

तथापि, जिवंत परत आणता येत नाही म्हणून लवकर शोधण्याला किंमत नाही, असे कोण म्हणेल? ज्याच्या घरातले माणूस पाण्यात आहे त्याच्यासाठी एकेक तास युगासारखा असतो. आणि जो जवान किंवा मच्छीमार त्या काळोख्या पाण्यात चाचपडत उतरतो, त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असते. जाळ्यात आणि काट्याकुट्यांत त्याला पाठविण्याऐवजी आधी यंत्र पाठविता आले, तर तेवढ्यासाठीही ते करण्याजोगे आहे. अशा शोधाला पूर्ण स्वायत्त यंत्रापेक्षा दोरीने बांधलेले, काठावरून माणूस चालवील असे साधे यंत्र आणि एक चांगले सोनार अधिक उपयोगी, हेही येथे सांगितले पाहिजे. स्वायत्त यंत्राचे खरे क्षेत्र तळाचा नकाशा हे आहे; परंतु तो नकाशा आधी तयार असेल, तर शोधाच्या दिवशी तळावर नवीन काय आले आहे हे चटकन ओळखता येते. शांततेच्या दिवसांत केलेली मोजणी संकटाच्या दिवशी कामाला येते, ती अशी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परदेशी बनावटीचे यंत्रपाणबुडे फार महाग असतात, यात शंका नाही. परंतु उजनी हा ३,९०० मीटरांचा समुद्र नव्हे. खोल समुद्राचा प्रचंड दाब सोसणारे कवच येथे लागत नाही. काही दहा मीटरांचा दाब सोसणारी नळी आपल्या कारखान्यांत होऊ शकते. संगणकाचे भाग दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत. महाग आहे ते अनुभवाचे ज्ञान, आणि ते विकत मिळतच नाही. ते वर्षांमागून वर्षे एकाच पाण्यात उतरून मिळवावे लागते. एखाद्या महाविद्यालयाने दहा वर्षे उजनी सोडणार नाही असे ठरविले, पाटबंधारे खात्याने त्याला पातळीचे व गाळाचे आकडे आणि परवानगी दिली, आणि खडकवासला व गोवा येथील संस्थांनी मार्गदर्शन केले, तर हे काम एखाद्या पुलाच्या कमानीइतक्याही खर्चाचे नाही. मात्र उद्घाटनाच्या दिवशी यंत्राला हार घालून पुढे ते काचेच्या कपाटात ठेवावयाचे असेल, तर एक रुपयाही खर्चू नये.

बारामतीहून भिगवणला आणि तेथून पुढे इंदापूरला जाणाऱ्या माणसाला डाव्या हाताला ते विस्तीर्ण पाणी दिसते. हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहावयास शहरांतून माणसे येतात. त्या पाण्याचा पृष्ठभाग आपण पुष्कळ पाहिला. त्याच्या तळाशी आपलीच गावे आहेत, आपल्याच शेतांची माती आहे, आणि मे २०२४ मधील त्या दोन रात्री आपलीच माणसे होती. ज्यांना त्या तळावरची एकेक वाट पाठ आहे, ती वृद्ध माणसे काठावरच्या गावांत अजून भेटतात. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरेल तेव्हा कोणी विद्यार्थ्याने वही, फीत आणि कॅमेरा घेऊन त्यांपैकी एखाद्याच्या घरी जावे आणि त्याला बरोबर घेऊन काठावरून खाली उतरावे. यंत्र त्यानंतर बनविता येईल.